चढाईतली घंटा

अकलोलीच्या त्या पोरीला हात कुठं ठेवावेत हे कुणी शिकवलंच नव्हतं. चांगल्या घरच्या पोरी कबड्डी बघायला बसतात त्या पदर सावरून, फार तर शेंगा सोलत. ही बसली होती मांडीवर बैलाची घंटा घेऊन. लहानू चढाईला गेला, दोन गडी टिपून मागं फिरला, मधली रेषा हातभर राहिली... आणि हिनं उठून ती घंटा अशी बडवली की लहानूचा दम तुटला. तिघांनी धरून त्याला मातीत आडवा केला.

बाया हसल्या. ती पण हसली. मग लहानूनं मातीतून मान वर करून तिच्याकडं पाहिलं — रागानं नाही, हातातली भरली कळशी फुटल्यावर माणूस बघतो तसं — आणि तिचं हसू ओठावरच वाळलं.

ठकुबाईनं हे सगळं पाहिलं. ती लहानूची आई. पोरीचं हसू वाळलं हेही तिला दिसलं, पण हसू वाळलं म्हणून तुटलेला दम जोडून मिळतो होय? घरी जाताना वाटेत जो भेटेल त्याला ती सांगत गेली, "त्या घंटेवालीच्या आईला विचारा कुणीतरी, पोर जन्माला घातली का घंटा."

तसं बघितलं तर घंटेचं मूळ त्या पोरीत नव्हतं, तिच्या मामात होतं. साल एकोणऐंशीचं, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं. हा मामा, काल्हेरचा चिंधूशेठ, उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण माईक हातात आला की त्याच्या जिभेला चाकं लागायची. भिवंडीत लूमवर काम करणाऱ्यांच्या सभेत तो म्हणाला, "तुम्ही बारा-बारा तास लूमपुढं उभे राहता. आणि ती कारखान्याची कबड्डीवाली पोरं? तीन वाजले की मैदानात पळतात, आणि पगार तुमच्याएवढा. भाड्याचे बैल हायेत ते. ज्याची वैरण, त्याचं दावं."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की आपण खरं बोललो असं चिंधूशेठला वाटायचं.

पण ते बोलणं सभेत राहिलं नाही. आठ दिवसांत एका मैदानावर कुणीतरी पहिली घंटा वाजवली. मग प्रत्येक सामन्याला लोक गोठ्यातल्या घंटा घेऊन यायला लागले. पगारी खेळाडू चढाईला निघाला की चारी बाजूंनी ठणठणाट. दोन कारखान्यांच्या मालकांनी संघच मोडून टाकले. मजूर बिघडतात म्हणाले. लहानूचं नाव कारखान्याच्या वहीत फोल्डिंग खात्यात होतं, म्हणजे कापडाच्या घड्या घालायच्या. पण ती नोकरी त्याला कबड्डीनं दिली होती, आणि ती जाणारही होती कबड्डीनंच. ज्यात त्याचा दम तुटला तो सामना त्याच्या संघानं कसाबसा एका गुणानं काढला, तेव्हा कारखान्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरनं त्याला बाजूला घेतलं.

"लहानू, काल्हेर का फायनल जीत के आ. सब का मुँह बंद हो जाएगा. हार गया तो टीम बंद, और तेरा नाम भी गया. फिर मैं क्या करूँ, बोल."

लहानू घरी येऊन ओट्यावर बसला. पुढ्यातलं बोंबलाचं कालवण गार झालं.

"आये, मी फायनल खेळणार न्हाय."

"का? पायाला मेंदी लावलीस?"

"घंटा वाजली की कान आधी ऐकतात आन पाय थांबतात. दम धरताच येत न्हाय. समोर गावभर लोक, आन मी बैल."

बावीस वर्षांच्या पोराला पदराखाली घेता येत नाही, आणि ताट उचलूनही नेता येत नाही.

आता ठकुबाई कोण, हेही सांगायला हवं. ती धवलारीण होती. तिच्या लोकांत लग्नाच्या हळदीला धवलारीण लागते. ती देवांना गाऊन बोलावते, मग हळद लागते. आजूबाजूच्या पाच गावांत तिच्या गळ्याशिवाय मांडव सजत नव्हता. आणि मतदानाच्या आधी, फायनलनंतर चार दिवसांनी, खुद्द चिंधूशेठच्या लेकीची, हौसाची हळद होती. म्हणजे धवलारणीच्या दारी नारळ-सुपारी घेऊन जाणं आलं. चिंधूशेठला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. त्यानं लग्नासाठी आधीच येऊन राहिलेल्या भाचीला धाडलं.

"कोण हाय?" दारातली सावली बघून ठकुबाईनं विचारलं.

"मी मैना. अकलोलीची. चिंधूमामाची भाची."

"वळखलं मी. घंटा कुठं ठेवलीस?"

पोरीनं मान खाली घातली. सावळी, लांब वेणीची, नाकात चमकी. बघायला बरी होती, हे ठकुबाईला कबूल करावं लागलं, आणि त्यामुळं ती आणखीच चिडली.

"हौसाच्या हळदीचा नारळ हाय, मावशी."

"ज्या तोंडानं माझ्या पोराला भाड्याचा बैल म्हटलं, त्याच्या मांडवात मी देव बोलवू? देव येतील का त्या दारात? उचल नारळ."

"पण हौसानं काय केलंय, मावशी?"

हौसाला ठकुबाईनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "हौसानं न्हाय केलं. तू केलंस."

"हो. मी केलं."

ठकुबाईनं वर बघितलं. सबब सांगेल, रडेल, मामावर ढकलेल... यातलं काहीच झालं नाही.

"सगळीकडं वाजवतात, मला वाटलं गंमत हाय," मैना म्हणाली. "त्यानं माझ्याकडं बघितलं तवा कळलं. मावशी, मी काय करू म्हंजी तुम्ही हळदीला याल?"

"त्याचा दम तू तोडलास ना? तूच जोडून दे. मग ये नारळ घेऊन."

चांदण्या मोजून आण म्हणावं, तसं ठकुबाई बोलली होती. पोर पायरीवरून उतरावी एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळेला मागच्या खळ्यात घंटा वाजली. ठकुबाई तांदळाची भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. लहानू नुकताच ड्युटीवरून आला होता. तो मागच्या दारी गेला.

"तू?"

"मीच."

"अजून वाजवायची राहिली का?"

"राहिली. रोज येऊन वाजवणार. तुझ्या कानांना सवय होईस्तोवर." पोर कमरेवर हात ठेवून उभी. "मामाच्या बैलाला पैल्यांदा फटाक्याची भीती वाटायची. आता कानाशी लवंगी लावली तरी रवंथ करतो."

"म्हंजी तू पण बैलच म्हणतेस."

"मग? बैलाला वाईट कोण म्हणतं? आमच्या घरी बैल आजारी पडला तर बाबा जेवत न्हाईत. मामाला बैल पण कळत न्हाय आन कबड्डी पण."

मग, कितीतरी दिवसांनी, लहानू हसला. ठकुबाईनं चुलीपुढून ते ऐकलं आणि लाकूड उगाच पुढं सारलं.

खळ्यात काठीनं रेषा ओढली गेली. लहानूनं दम घेतला, कबड्डी-कबड्डी सुरू केली, आणि मैनेनं घंटा बडवली. घंटा एका बाजूनं तडकलेली होती. तिचा आवाज ठण् करून पुढं थोडा खरखरायचा. चार पावलांत दम तुटला. परत घेतला, परत तुटला. सहाव्या वेळेला ठकुबाईला राहवलं नाही. पिठाचे हात घेऊन ती दारात आली.

"छातीतनं घेतोस म्हणून तुटतो. पोटातनं घे. मी हळदीला गाते ते काय छातीच्या जिवावर? आन तू गो, घरात साप निघाल्यासारखी नको बडवू. ठेक्यात वाजव. दोन ठोके, मग जरा थांब. दोन ठोके, थांब. माणसाचा श्वास असाच चालतो."

"तुम्ही शिकवणार, मावशी?"

"मी कशाला शिकवू? माझी भाकरी हाय तव्यावर," असं म्हणून ठकुबाई आत गेली आणि दार मात्र उघडंच ठेवलं.

मग रोज संध्याकाळी खाडीवरून खारा वारा सुटला की घंटा यायची. दोन ठोके, थांब. लहानूचा दम दहा पावलांवरून वीस पावलांवर गेला. घंटेनं तो आता बिचकत नव्हता. उलट थांबल्यावर पुढचा ठोका कधी पडतो याची वाट बघत त्याचे पाय हलायला लागले होते. मैना कधी पदरात करवंदं घेऊन यायची. द्यायची ठकुबाईला, आणि मोजून बघायची लहानूनं किती खाल्ली ते.

एके दिवशी ती म्हणाली, "आज मी नुसती वाजवणार न्हाय, बोलणार पण हाय. फायनलला लोक बोलणारच. बोलण्यानं दम लवकर तुटतो."

"काय बोलणार?"

"ते ऐकशील. तू कबड्डीशिवाय काय बोलायचं न्हाय. बोललास की बाद."

"हे बरं हाय. तू बोलणार आन मी ऐकणार."

"सवय करून घे."

लहानूनं दम धरला. कबड्डी-कबड्डी... मैना घंटा वाजवत त्याच्या बाजूनं चालायला लागली.

"तुझे पाय जरा फेंगडे हायेत."

कबड्डी-कबड्डी...

"मास्तर म्हणतो, तू कापडाची घडी वाकडी घालतोस."

कबड्डी-कबड्डी... मान नकारार्थी हलली, दम नाही हलला.

"तुझ्या आईचं मला लय भ्याव वाटतं."

आत ठकुबाईनं भाकरी उलटता उलटता ओठ दाबले. वाटायलाच पाहिजे.

कबड्डी-कबड्डी...

दोन ठोके पडले. मग जरा जास्तच थांबणं झालं. "आन... तू मला आवडतोस."

कबड्डी-कबड्डी मधेच तुटलं.

"बाद," मैना हळूच म्हणाली.

"हे... खरं, का नुसतं दम तोडायला?"

"दम धरून रेषेपर्यंत ये. मग सांगीन."

त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ठकुबाईची भाकरी करपली. तिनं लाकडाला शिव्या दिल्या. लाकूड ओलं होतं म्हणाली, वैशाखात.

खरं सांगायचं तर त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला लहानूच्या बापाची आठवण झाली. तो असता तर म्हणाला असता, पोर कुणाची भाची हाय ते बघ. आणि तिनं उत्तर दिलं असतं, पोर कुणाच्या खळ्यात उभी राहते ते बघावं.

पण गावात घंटा वाजते ती सगळ्यांच्या कानांवर जाते. फायनलला दोन दिवस राहिले आणि चिंधूशेठला कळलं की आपली भाची, आपल्याच गोठ्यातली घंटा घेऊन, आपणच बैल म्हटलेल्या पोराला जिंकायला शिकवतेय. त्यानं तिला सकाळच्या एस.टी.त बसवलं. "हळदीला आई-बाबांबरोबर ये. तोवर अकलोली सोडायची न्हाय."

संध्याकाळी लहानू खळ्यात उभा राहिला. वारा आला, घंटा आली नाही. तो दारातच बसून राहिला. शेवटी ठकुबाईनं पितळेचं ताट घेतलं आणि पळीनं वाजवायला लागली. दोन ठोके, थांब.

"आये, राहू दे."

"का? ठेका चुकला?"

"तुझं ताट ऐकून दम न्हाय धरवत. भूक लागते."

दोघं हसली. मग दोघांचीही नजर खळ्यातल्या रेषेकडं गेली.

फायनलच्या दिवशी काल्हेरच्या मैदानाभोवती मुंगीला जागा नव्हती. शेतातल्या बांधावर माणसं, ट्रकच्या टपावर माणसं. मंचावर हार घालून चिंधूशेठ बसला होता, कारण ढाल त्याच्याच हस्ते द्यायची होती. आणि लोकांच्या हातांत घंटा. लहानू मैदानात आला तेव्हा असा गलका उठला की ठकुबाईला बाजूच्या बाईचं बोलणं ऐकू येईना.

खेळ झोंबत झोंबत गेला. लहानूनं दोन चढायांत काही आणलं नाही. रिकाम्या हातानं परतला. तिसऱ्या वेळेला पकडला गेला, आणि साथीदारांनी एक गडी बाद केला तेव्हा कुठं परत आत आला. मास्तर रुमालानं मान पुसत होता. शेवटचं मिनिट, कारखान्याचा संघ दोन गुणांनी मागं, आणि पंचानं लहानूला हात केला.

तो मधल्या रेषेवर उभा राहिला. शंभर घंटा, शंभर तऱ्हा. ठकुबाईनं पोराच्या खांद्याकडं पाहिलं. खांदे वर चढले होते. छातीतनं घेतोय मेला, ती मनात म्हणाली. पोटातनं घे रे.

आणि त्या सगळ्या ठणठणाटातून एक खरखरता आवाज आला. ठण्... ठण्. थांब. ठण्... ठण्. थांब.

ठकुबाईनं मान वळवली. मंचाला खेटून, थेट मामाच्या खुर्चीच्या पायाशी मैना उभी होती. वेणीत धूळ, परकराला एस.टी.चं काळं लागलेलं, चेहरा लाल. हातात ती तडकलेली घंटा. चिंधूशेठ तिचा दंड धरून काहीतरी बोलत होता. ती ऐकत नव्हती. तिचं लक्ष लहानूकडं होतं, आणि हात ठेक्यात.

मग जे झालं ते ठकुबाईला चाळीस वर्षं माहीत होतं. दहा बाया बेसूर गात असल्या आणि एकीनं सूर नीट धरला, की बाकीच्या आपोआप तिच्या मागं येतात. कुणी सांगावं लागत नाही. आधी मंचाजवळच्या दोन घंटा मैनेच्या ठेक्यात पडल्या. मग त्या बाजूची सगळी रांग. मग बांधावरचे. चिडवायला आलेली माणसं, पण हात त्यांचं ऐकेनात. दोन ठोके, थांब. सगळं मैदान एका माणसासारखं श्वास घ्यायला लागलं.

लहानूचे खांदे खाली आले.

तो आत शिरला. ठोक्यावर पाय, थांब्याला नजर. डावा कोपरा टिपला, मागून आलेल्याला चकवून दुसरा. तिसऱ्यानं पाय धरला. लहानू पडला, पण तोंडातलं कबड्डी-कबड्डी सुटलं नाही. तो त्या गड्याला घेऊनच मातीतून सरकला, हात लांबवला... आणि बोटं रेषेपलीकडं पडली.

तिघं बाद, म्हणजे एका गुणानं पुढं. पंचाची शिट्टी झाली. पुढचा आरडाओरडा ठकुबाईला ऐकू आला नाही. ती खाली बसली होती आणि पदरानं डोळे पुसत बाजूच्या बाईला सांगत होती की धूळ फार उडते या मैदानात.

ढाल द्यायला चिंधूशेठ उभा राहिला. लहानू मंचाकडं आला, अंगभर माती, गुडघा फुटलेला. पण ढालीकडं गेलाच नाही. मैनेसमोर उभा राहिला.

"आलो रेषेपर्यंत," तो म्हणाला. "आता सांग."

"इथं?" मैनेचा आवाज एवढासा झाला. "मामा बसलाय..."

"मामानं सगळ्यांसमोर बोलून घेतलंय. आता सगळ्यांसमोर ऐकू दे."

तिनं घंटेची जीभ मुठीत घट्ट धरली. मग वर बघितलं.

"खरं," ती म्हणाली. "पैल्या दिवसापासून खरं... तू मातीतनं बघितलंस ना, तवापासून."

चिंधूशेठ हातात ढाल घेऊन तसाच उभा. कुणाला द्यावी हे त्याला बराच वेळ कळलं नाही.

सकाळी तो स्वतः नारळ घेऊन ठकुबाईच्या दारात आला.

"वैनी, जीभ घसरली माझी."

"जीभ घसरत न्हाय, भावजी. टाळ्या ऐकल्या की पळत सुटते." ठकुबाईनं नारळाला हात लावला नाही. "ज्या माईकवर बोललात त्याच माईकवर मागं घ्या. मग मी येते. हौसा माझी पण हाय."

त्यानं घेतलं मागं. दुसऱ्या दिवशी, भिवंडीत, त्याच लोकांसमोर. टाळ्या त्यालाही पडल्या, आणि या वेळी तो खरंच खरं बोलला होता. फोल्डिंग खात्यात लहानूचं नाव राहिलं. मैदानावर घंटा पुढंही वाजत राहिल्या, पण दोन ठोके, थांब, अशा. चिंधूशेठ निवडून आला का पडला ते ठकुबाईला विचारू नये. तिला त्या दिवसांत तेवढी सवड नव्हती.

हौसाची हळद झोकात झाली. ठकुबाई एवढी कधी गायली नव्हती. एकेका देवाचं नाव घेताना तिच्या मनात येत होतं, बाबांनो, तुम्हाला मी आजवर दुसऱ्यांच्या दारात बोलावलं, आणि तुम्ही न बोलावता माझ्या खळ्यात येऊन गेलात. हळद लागली, बाया पाणी प्यायला बसल्या. मैना अकलोलीहून आई-बाबांबरोबर आली होती, आणि ठकुबाईची नजर चुकवत हळदीच्या वाट्या गोळा करत होती.

"ए घंटेवाली," ठकुबाईनं हाक मारली. "इकडं ये. तुझ्या आईलाही ऐकू दे."

बायांनी माना वळवल्या. मैना पुढं येऊन उभी राहिली, हात पिवळे, मान खाली.

"तुला बसायचं वळण न्हाय," ठकुबाई म्हणाली. "बोलायचं तर त्याहून न्हाय. परक्याच्या पोराला भर उजेडात काय काय म्हणतेस, सगळं ऐकलंय मी. माझी भाकरी गेली त्यात." बाया खुसखुसल्या. ठकुबाई हसली नाही. गाऊन गाऊन तिचा आवाज बसला होता, आणि आता तो थोडा हललाही. "माझ्या पोराचा दम तू तोडलास, ते मी मरेस्तोवर विसरणार न्हाय. आन जोडून दिलास, ते मेल्यावर पण न्हाय. तुझे उपकार हायेत माझ्यावर पोरी, आन मला कुणाचे उपकार ठेवायची सवय न्हाय. तवा ऐक. पाच गावांच्या हळदी मी गायल्या. पण तुझ्या हळदीला दुसरी धवलारीण शोधून ठेव. मी त्या दिवशी वरमाय हाय. मी नुसती बसणार."